खाली ठेवा मला

मला बसमध्ये चढवतात ते असं. कंडक्टर दारातून खाली बघतो आणि माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्या वहिनीला विचारतो, "कुठं न्यायचंय यांना?" वहिनी सांगते. मग तो फलाटावरच्या दोन गड्यांना हाक मारतो, "ए, जरा धरा रं बाईला." एक जण माझ्या काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली. साडी वर सरकते आणि ती खाली ओढायला वहिनी मागून धावते. दार अरुंद, त्यात दांडा, त्याच्यावर माझं कोपर नाहीतर डोकं आपटतंच. आत नेऊन मला पहिल्या मोकळ्या बाकावर टेकवतात. अपंगांसाठी राखीव म्हणून लिहिलेली सीट असते. तिच्यावर कुणीतरी आधीच बसलेलं असतं आणि नेमकं त्याच वेळी ते खिडकीबाहेर बघत असतं. व्हीलचेअर घडी करून कुठंतरी कोंबतात. एवढं झाल्यावर कंडक्टर मशीनमधून तिकीट काढतो आणि उपकार केल्यासारखा म्हणतो, "सवलत हाय तुमाला."

सवलत आहे, हे खरं. ज्या गाडीत मला चढता येत नाही, त्या गाडीच्या तिकिटात मला भरघोस सवलत आहे.

माझं गाव तिसगावच्या आसपासचं, डोंगराकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम घेत नाही. जे सांगणार आहे ते या भागातल्या कुठल्याही स्टँडवर घडू शकलं असतं, आणि एकाच गावाला नावं ठेवून बाकीच्यांना सोडावं असं मला वाटत नाही.

मी पूर्वी चालत होते. दिवाळी झाली की आमचं सगळं घर राहुरीकडे ऊसतोडीला जायचं. ज्या वर्षी माझं लग्न ठरत होतं, त्याच वर्षी एका संध्याकाळी उसाने भरलेल्या ट्रॉलीवर आम्ही बसून येत होतो आणि ट्रॉलीचं चाक पाटाच्या कडेला घसरलं. मी वरून खाली आले. पाठीचा कणा गेला. माझ्याबरोबर कोयता चालवणारी माझी मैत्रीण अंधार पडेपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. त्यानंतर मी पायावर उभी राहिले नाही.

रडून झालं, नवस करून झाले, मग मी शिकले. घरी बसून बी. ए. केलं. आता रस्त्याकडेच्या गाळ्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे अर्ज, सगळं करते. गाळ्याला उंबरा होता. भावाने तो फोडला आणि सिमेंटचा उतार करून दिला. एका दुपारचं काम होतं. त्या दिवसापासून मी दुकानात कुणाचाही हात न लागता जाते. एका दुपारचं काम, हे मी मुद्दाम लिहितेय.

भावाची मुलगी, माझी भाची, नर्सिंग शिकून लंडनला गेली. तिकडून एकदा तिचा व्हिडिओ कॉल आला. बसस्टॉपवर उभी होती. म्हणाली, "आत्या, एक दाखवते तुला. फोन ठेवू नकोस." तिच्या मागे बस आली, थांबली आणि एका बाजूने खाली झुकली, उंट बसायला खाली वाकतो तशी. मधल्या दारातून एक पत्रा बाहेर सरकला आणि फुटपाथला टेकला. व्हीलचेअरवरची एक बाई, वयाने माझ्याएवढी, हातात भाजीची पिशवी, त्या पत्र्यावरून आत गेली. तिला कुणी उचललं नाही. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. पत्रा आत गेला, बस सरळ झाली आणि निघाली.

"बघितलंस?" भाचीने विचारलं. तिला वाटलं होतं मी खूश होईन.

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. मला त्या बाईचा हेवा वाटला नाही. राग आला. इतकी वर्षं मला सांगितलं गेलं होतं की माझी पाठ मोडली म्हणून मला बसमध्ये चढता येत नाही. त्या बाईची पाठही मोडलेलीच असणार. ती भाजी घेऊन घरी निघाली होती.

मग मी वाचायला लागले. दुकानात इंटरनेट होतंच. गिऱ्हाईक नसलं की वाचायचं. लंडनच्या बसला ते करावंच लागतं, तो कायदा आहे. त्या देशात एकदा बसमधल्या व्हीलचेअरच्या जागेत कुणाची तरी बाबागाडी होती, ती हलली नाही, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला खालीच राहावं लागलं. तो माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितलं, ड्रायव्हरने जागा सोडायला नुसतं सांगून गप्प बसायचं नाही. मी हे वाचून बराच वेळ हसत होते. आमच्याकडे न्यायालयात जायचं तरी बसनेच जावं लागतं.

अमेरिकेतलं वाचलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. तिथेही कायदा कुणी आपणहून दिला नव्हता. एका शहरात अपंग माणसं व्हीलचेअर घेऊन बससमोर जाऊन बसली होती. पुढे त्यांच्या संसदेच्या इमारतीसमोर लोकांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली सोडल्या आणि ते पायऱ्यांवरून सरपटत वर गेले. त्यात एक लहान मुलगीही होती. मग कायदा झाला. जपानमध्ये रेल्वेचा माणूस घडीची फळी घेऊन डब्याशी येतो आणि तुम्ही जिथे उतरणार त्या स्टेशनला आधी फोन करतो, म्हणजे तिथेही कुणीतरी फळी घेऊन उभं असतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही कायदा आहे. हे कळलं तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला. नसता तर मी समजू शकले असते. दोन हजार सोळा सालचा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे, त्यात वाहतुकीवर वेगळं कलम आहे. स्टँड, स्टेशन, विमानतळ, तिकिटाची खिडकी, शौचालय, सगळ्याचा उल्लेख आहे. जुन्या गाड्यांमध्ये बदल करावेत असंही म्हटलंय, पण तांत्रिकदृष्ट्या जमत असेल तर, आर्थिकदृष्ट्या परवडत असेल तर, गाडीच्या रचनेत मोठा फेरफार करावा लागत नसेल तर. मी ते कलम छापून काढलं आणि प्रत्येक 'तर'खाली लाल पेनने रेघ मारली. माझ्या हक्काला इतकी दारं ठेवली होती आणि सगळी बाहेर जायची.

तरीही मी गप्पच होते. बससमोर बसायचं वगैरे परदेशातल्या लोकांनी करावं, असंच मला वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या त्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न निघालं. मैत्रीण आता राहुरीजवळ देवळाली प्रवऱ्यात राहते. नवऱ्याबरोबर तिथेच ऊसमळ्यात कामाला राहिली आणि तिकडचीच झाली. तिचा फोन आला. "तू आली न्हाईस तर मी मांडवात उभी न्हाई ऱ्हायची," ती म्हणाली.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मागच्याच महिन्यात दवाखान्यात गेलीस ना? आता लग्नाला कशाला? ती काय रागावनार हाय का?"

माझा भाऊ चांगला माणूस आहे. ज्याने माझा उंबरा फोडला, तोच हा. पण त्यालाही वाटतं की माझ्यासारखीने घराबाहेर पडायचं ते दवाखान्यासाठी. लग्न, बाजार, जत्रा, उगीच कुणाला तरी भेटायला जाणं हे पायावर चालणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, "मी जाणार." वहिनी मध्ये पडली आणि म्हणाली, "मी नेते ताईंना."

सकाळी आम्ही दोघी स्टँडवर आलो. मी जरीकाठाची साडी नेसले होते. नगरला जाऊन तिथून राहुरीकडची दुसरी गाडी धरायची होती. लग्नसराई होती, गाडी दारापर्यंत भरून आली. कंडक्टरने आमच्याकडे बघितलं.

"आज न्हाई जमायचं. मागच्या गाडीनं या."

"मागची बी अशीच भरल्याली असती की," वहिनी म्हणाली.

त्याने उसासा टाकला. "बरं, धरा रं बाईला."

दोघे आले. मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी मला उचललं आणि पहिल्या पायरीवर नेलं. वर गर्दी सरकेना म्हणून ते तिथेच अडकले. मी हवेत होते. त्यातल्या एकाचा हात जिथे असायला नको तिथे होता. चुकून होता की मुद्दाम, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ते ठरवायची वेळ माझ्यावर का यावी, हा माझा प्रश्न आहे. त्या लंडनच्या बाईवर ती कधी आली नसेल.

"खाली ठेवा मला," मी म्हणाले.

"आता ठेवतोच की, वर घेऊन."

"इथं नाही. खाली. माझ्या खुर्चीत."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी मला परत आणून खुर्चीत बसवलं. वहिनी माझी साडी सारखी करायला लागली. मी तिचा हात बाजूला केला, चाकं फिरवली आणि गाडीच्या पुढ्यात जाऊन थांबले. ड्रायव्हरच्या बरोबर समोर. हे मी ठरवून आले नव्हते. माझे हात मला तिथे घेऊन गेले.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी हलले नाही. कंडक्टर खाली उतरला.

"बाई, सरका. टाइम झालाय गाडीचा."

"मला गाडीत घ्या, मी सरकते."

"घेतच हुतो की. तुमीच न्हाई म्हनला."

"उचलून नको. खुर्चीसकट घ्या."

"खुर्चीसकट कशी येनार? गाडीच तशी न्हाई."

"तेच म्हणतेय मी. गाडी तशी का नाही?"

"ते मला काय इचारता? मी काय गाड्या बनवतो का?"

त्याचं बरोबर होतं. मला ते कळत होतं. पण ज्यांनी गाड्या विकत घेतल्या, ज्यांनी तशाच रस्त्यावर सोडल्या, ते काही माझ्या स्टँडवर येत नाहीत. माझ्यासमोर येतो तो कंडक्टरच.

लोक जमले. कुणी मोबाईल वर धरून शूटिंग करत होतं. "नाटकं चालल्यात," असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बरूबर बोलत्यात त्या." स्टँडचे कंट्रोलर खिडकीमागून उठून बाहेर आले, त्यांनी मला समजावलं, मग डेपोच्या साहेबांना फोन लावला. तेवढ्यात गाडीतून एक म्हातारी उतरायला लागली. दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पोरी, माझी आज कोर्टात तारीख हाय. जमिनीची. चुकली तर पुन्हा कवा मिळंल, देव जाने."

मी चाकं घट्ट धरून ठेवली.

"तुझं खरं हाय," ती म्हणाली. "मला तरी कुठं चढता येतंय? मागून ढकलत्यात मला. पर आज सरक."

तेवढ्यात कंट्रोलर म्हणाले, "साहेब म्हणतात, लेखी तक्रार द्या. नक्की विचार करू."

मी सरकले. साहेबांच्या शब्दावर सरकले नाही, म्हातारीसाठी सरकले. लोकांनी तिला मागून ढकलून वर घेतलं आणि गाडी गेली. वहिनी फलाटावर बसून रडायला लागली. मला रडू येत नव्हतं. माझा राग अजून संपला नव्हता.

स्टँडच्या बाहेर एक पिकअप उभी होती. आमच्या शेजारच्या वस्तीवरचा माणूस राहुरीकडे शेळ्या पोचवायला निघाला होता. त्याने सगळं लांबून बघितलं होतं. जवळ येऊन तो जरा संकोचून म्हणाला, "ताई, मी त्याच अंगाला चाललोय. शेळ्यांबरुबर बसाल का?"

त्याच्याकडे फळी होती. पिकअपचं मागचं फळकं उघडून तो ती तिरपी लावायचा आणि शेळ्या त्यावरून टकटक करत वर जायच्या. खुर घसरू नयेत म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. त्याने शेळ्या एका कडेला बांधल्या. मग वहिनीने मागून रेटा दिला आणि फळीवरून, माझ्याच खुर्चीत बसून, मी वर गेले. त्याने चाकं दोरीने आवळून बांधली. कुणी मला हात लावला नाही.

नगर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. शेळी चढताना पडली, तिचा पाय मोडला, तर धंद्यात खोट. म्हणून तिला फळी आहे, पट्ट्या आहेत. मला फळी द्यायची तर 'आर्थिकदृष्ट्या परवडत असेल तर'. वहिनीने एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. एक पाट, अजून न व्यालेली कोवळी शेळी, माझ्या पदराचं टोक चघळत होती. मी तिला चघळू दिलं.

आम्ही मांडवाशी पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पंगत बसली होती. मला फळीवरून उलटी उतरताना मैत्रिणीने मांडवातून बघितलं आणि ती तशीच धावत आली. "तुझ्या अंगाला शेळीचा वास येतोय," ती हसत म्हणाली आणि मग गळ्यात पडून रडली. नवरा-नवरीला मी जेवणानंतर आशीर्वाद दिला. लग्न लागताना मी तिथे नव्हते. ते मला कुठल्याच अर्जाने परत मिळणार नाही.

घरी आल्यावर मी तक्रार लिहिली. कलमाचा आकडा घातला, राखीव सीटचं लिहिलं, उचलण्याचं लिहिलं, त्या हाताचंही लिहिलं. उत्तर यायला पावसाळा उलटला. उत्तरात माझ्या भावनांची दखल घेतली होती आणि ज्या 'तर'खाली मी लाल रेघा मारल्या होत्या, ते सगळे एकाखाली एक लिहून पाठवले होते. मी वरच्या कार्यालयाला लिहिलं. त्याच्याही वरच्या कार्यालयाला लिहिलं. दुकानातला प्रिंटर माझाच होता, कागद माझाच होता, आणि राग तर भरपूर होता.

एक दिवस कंट्रोलर स्वतः दुकानात आले. "ताई, तुमचं काम झालं," ते म्हणाले. "रॅम्प मंजूर झालाय. उद्घाटन तुमच्याच हस्ते करायचं ठरलंय."

मला खरंच आनंद झाला. मी वहिनीला सांगितलं, भाचीला लंडनला मेसेज केला.

उद्घाटनाच्या दिवशी स्टँडवर छोटा मांडव होता. फरशीचा नवा उतार, दोन्ही बाजूंना स्टीलचे चकचकीत कठडे, त्यावर झेंडूच्या माळा. उतार रस्त्यावरून फलाटावर जात होता आणि फलाटावर संपत होता. तिथे बस उभी होती. तीच उंच पायरी, तेच अरुंद दार, तोच दांडा.

नारळ फुटला. मी फीत कापली आणि उतारावरून वर गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फलाटाच्या कडेला, बसच्या दारासमोर थांबले. माझे गुडघे पायरीला टेकले. मागून कुणीतरी माईक आणून माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोला, ताई."

मी म्हटलं, "मी वर आले. आता गाडीत कशी जाऊ?"

टाळ्या वाजवायला वर गेलेले काही हात तसेच राहिले. साहेब खुर्चीतून उठून माझ्याकडे आले आणि माईक हाताने झाकून हळू म्हणाले, "ताई, हा पहिला टप्पा आहे. सगळं एकदम कसं होईल?"

"साहेब, मी पण एकदमच पडले होते," मी म्हणाले. हे माईकमधून गेलं की नाही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी फीत कापतेय, आणि खाली लिहिलंय की दिव्यांगांच्या चेहऱ्यावर आनंद फुलला.

मी पुन्हा तक्रार केली. या वेळी उत्तरात एक प्रश्न होता. या मार्गावर व्हीलचेअरवरून प्रवास करणारे प्रवासी नेमके किती आहेत, आणि त्यांची मागणी आहे का? मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. ज्या गाडीत व्हीलचेअर जात नाही, तिच्यात व्हीलचेअरवरचे किती जण बसतात, असं ते मला विचारत होते. आकडा शून्य असणार, हे त्यांना माहीत होतं. शून्यासाठी कोण गाड्या बदलेल?

तेव्हापासून रविवारी दुकान बंद ठेवून मी अशी माणसं मोजत फिरते. त्या शेळ्यांच्या पिकअपवाल्याला सांगून ठेवलंय, तो मोकळा असला की मला नेतो. आमच्या भागातल्या वाड्या-वस्त्यांवर किती माणसं घरात बसून आहेत, हे मला गावात राहूनही माहीत नव्हतं. ती दिसत नाहीत, कारण ती बाहेर पडूच शकत नाहीत. ती दिसत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी काही करावं लागत नाही.

गेल्या रविवारी डोंगराकडच्या एका वस्तीवर गेले होते. एक बाई पडवीत खाटेवर बसून शेंगा फोडत होती. लहानपणी ताप येऊन पाय गेलेले. लग्न झालं नाही, भावाकडे असते. मी तिला सगळं सांगितलं. बस कशी झुकते, पत्रा कसा बाहेर येतो, भाचीकडून नंतर मागवून घेतलेला तशाच बसचा व्हिडिओही दाखवला. तिने तो परत लावायला सांगितला.

"आपल्याकडं अशी आली तर तुम्ही कुठं जाल?" मी विचारलं. "उत्तरात लिहायचंय मला."

मला वाटलं ती शिर्डी म्हणेल. सगळे तेच म्हणतात. ती शेंगा फोडत राहिली.

"बाजारात," ती म्हणाली.

"कशाला?"

तिने हात पुढे केला. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि त्यांच्याखाली वळ उठलेले होते.

"दर वर्साला भावजय मापानं आनती. तिच्या हाताच्या मापानं. मला घट्ट हुत्यात," ती म्हणाली. "मला कासारापुढं बसून, माझ्या हातानं निवडून भरायच्यात. लिव्हा तसं."

मी तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं.